अक्काच्या साच्याविषयी थोडंसं

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून (आणि डावा गुडघा धरल्यामुळे निम्माच वाकून) नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी तब्येत कशी आहे, रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेतेस ना, जिन्यातला दिवा दुरुस्त झाला का, हे सगळं खरं तर फोनवर विचारायचं. पण गेलं वर्षभर माझा फोन तू उचलत नाहीस, दादाचा उचलतेस पण 'राँग नंबर' म्हणून ठेवून देतेस, आणि तुझ्या भावजयीचा उचलून 'सगळं ठीक' एवढंच बोलतेस, म्हणून हे पत्र. न वाचता तू ते बाजूला ठेवू शकतेस, मला मान्य आहे; पण बंद पाकीट शेजारी ठेवून तू दोन दिवस शांतपणे जेवशील असं मला वाटत नाही. पन्नास वर्षं ओळखतो तुला. शिवाय तू लांब तोंडाची पक्कड विकत आणलीस असं भाचेबुवांकडून कळलं, तीही कशाला ते विचारायचं होतं. घरात काही मोडलं असेल तर मला कळवत जा. आबांच्या पत्र्याच्या दुकानात मी आता प्लॅस्टिकच्या बादल्या विकत असलो, तरी पाटी अजून जुनीच आहे.

नातीसाठी तू पाठवलेलं टोपडं मिळालं. पार्सलमध्ये चिठ्ठी नव्हती, पण वीण बघूनच राग किती शिल्लक आहे ते कळलं. इतकी घट्ट वीण तू फक्त रागात घालतेस. टोपडं तिला अगदी नीट बसतं, आणि काढायला दोन माणसं लागतात. पोरगी चार महिन्यांची झाली. अनोळखी माणूस दिसलं की कपाळाला आठी घालून आधी त्याला तळापासून वरपर्यंत बघून घेते आणि मगच रडायचं की नाही ते ठरवते. ही सवय कोणाची, याबद्दल घरात एकमत आहे. मी लिहीत नाही.

आता बिस्किटांबद्दल. तू विचारलेलं नाहीस, तरी सांगतो. या वेळी मी जावईबापूंना आपली पद्धत पुन्हा एकदा पहिल्यापासून समजावून दिली (गेल्या वर्षी घाईघाईत दिली होती, त्याचे परिणाम आपण सगळे भोगतोच आहोत). काय सांगितलं ते तुलाही लिहितो. काही चुकलं असेल तर रागावून का होईना, कळव. मी सांगितलं, की वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या की पहिल्या शनिवारी आपल्याकडे बिस्किटं होतात. घरातल्या प्रत्येकाला स्वतःचा साचा असतो, आबांनी पत्र्याची पट्टी वाकवून केलेला. जन्माला येईल त्याला मिळतो, लग्न होऊन येईल त्याला मिळतो, आणि एकदा मिळाला की बदलून मिळत नाही. दादाला हत्ती, मला चांदणी, हिला पान, लेकीला मासा, आणि जावईबापू दातांचे डॉक्टर म्हणून त्यांना दाढ. (दाढ इतकी हुबेहूब झाली आहे की खाताना आपण आपल्यालाच चावतोय असं वाटतं.) आईला बिचारीला साधा गोल. प्रत्येकाच्या साच्याची पाच बिस्किटं पाडायची, ज्याची त्याच्या डब्यात भरायची, आणि सुट्टीच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी एकत्र बसून डबे उघडायचे. कोणी परगावी असो, आजारी असो, रुसलेलं असो, त्याची पाच होतातच. आईला जाऊन सहा वर्षं झाली, तिचीही पाच होतात आणि आबा ती एकटेच खातात.

साच्यांच्या मापाबद्दलही सांगितलं. सगळ्या साच्यांची पट्टी एकाच लांबीची, एक तसूही कमीजास्त नाही, म्हणजे कोणाचं बिस्किट मोठं आणि कोणाचं लहान अशी तक्रार नको, हा आबांचा न्याय. त्या न्यायावर आपण सुखाने जगत होतो. पण ही लग्न होऊन आली आणि पहिल्याच वर्षी (गणिताच्या शिक्षिकेला सुट्टीतही सुट्टी नसते) तिने कागदावर मांडून दाखवलं, की घेर सारखा असला म्हणून आत मावणारं पीठ काही सारखं नसतं. गोलात सर्वांत जास्त मावतं, आणि चांदणीत त्याच्या पाव हिश्श्याहून थोडंसंच अधिक. म्हणजे मी जन्मभर पाच बिस्किटं समजून जेमतेम सव्वा खात आलो होतो. तुझा साचा थोडाफार गोलाकडे झुकणारा, म्हणून आईच्या खालोखाल तुझंच बिस्किट मोठं. तुला आठवत असेल, तू तेव्हा हिला म्हणाली होतीस की गणित शाळेत ठेवून यावं आणि इथे पीठ लाटावं. हिने लाटलं. पण तो कागद अजून आमच्या कपाटात आहे.

गेल्या वर्षीचं मी उकरून काढत नाही. फक्त आमच्या बाजूने ते कसं दिसलं तेवढं लिहितो. डबे भरताना जावईबापूंनी तुझं एक बिस्किट हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि सगळ्यांच्या देखत, अगदी कौतुकाने विचारलं, "ही किटली कोणाची?" पन्नास वर्षांहून जास्त काळ तू ज्याला हंस म्हणत आलीस, आणि तू म्हणतेस म्हणून आम्हीही ज्याला हंस म्हणत आलो, त्याच्याबद्दल हा प्रश्न आला. तू पदराने साचा पुसलास, पर्समध्ये टाकलास, आणि दुपारच्या गाडीने निघून गेलीस. तुझी पाच बिस्किटं इथेच राहिली. आता त्यांच्या डोक्यात किटली कुठून आली ते मी कसं सांगणार. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून काम करणारा माणूस, नजरेवर परिणाम होत असेल. तेव्हापासून बिचारे इतके धसकले आहेत की आमच्याकडे चहा हवा असला तरी किटली हा शब्द उच्चारत नाहीत, 'ते चोच असलेलं भांडं' म्हणतात. चोच म्हटल्यावर परत स्वतःच दचकतात. आणि आबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कारण आपण सगळे जमलो की ते कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतात. अक्का लवकर का गेली असं त्यांनी संध्याकाळी विचारलं, तेव्हा दादाने गाडीची वेळ बदलली असं सांगून टाकलं.

तर या वर्षी पहिला शनिवार उजाडला आणि लक्षात आलं की आपल्या घरात बिस्किटं कोणालाच येत नाहीत. आई गेल्यापासून तू स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन पीठ भिजवतेस, आणि आम्ही बाहेर आपापल्या कामाची वाट बघत बसतो. माझं काम ट्रेला लोणी चोळणं. त्यात मी तरबेज आहे, पण ट्रेला लोणी चोळून बिस्किट होत नाही. ओव्हनचं काम दादाचं, कारण तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि बटणं असलेली कोणतीही वस्तू आपल्या खात्यातली आहे असं समजतो. साचे मारायचं काम हिचं, डबे भरायचं लेकीचं. पण दाराच्या आत काय होतं? हिने फळ्यावर दोन रकाने आखले, एकात 'नक्की माहीत' आणि दुसऱ्यात 'वाटतं', आणि एकेकाची साक्ष घेतली. पहिल्या रकान्यात शेवटी मैदा, लोणी आणि साखर एवढंच राहिलं. बाकीचं सगळं दुसऱ्यात. किती मळायचं यावर अर्धा तास गेला. मग दादाला आठवलं, की मळताना तू एकच ओळ गुणगुणतेस, दारातून ऐकू येते, आणि ती थांबली की पीठ झालेलं असतं. सगळ्यांना हे एकदम पटलं. दादा पीठ मळायला बसला आणि गुणगुणायला लागला. पण ओळ थांबते कुठे ते त्याला आठवेना. सुराच्या बाबतीत दादा म्हणजे बंद पडलेली लिफ्ट, मधल्या मजल्यावर अडकला की खालीही येत नाही आणि वरही जात नाही. तुझी ओळ कशी संपते ते शोधत त्याने पन्नास मिनिटं पीठ मळलं.

रंग मात्र सुरेख आला. आम्ही सगळे ट्रेभोवती उभे राहिलो, दादाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पहिलं बिस्किट मानाने आबांच्या हातात दिलं. दादाचा हत्ती होता. आबांनी सोंडेकडून सुरुवात केली आणि वरच्या कवळीचे बरोबर मधोमध दोन तुकडे झाले. हत्तीला काही झालं नाही. (तो हत्ती आम्ही ठेवला आहे, हॉलचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली लावतो.) जावईबापूंनी तुकडे रुमालात बांधले, सुट्टी असून आपला दवाखाना उघडला आणि दोन तासांत कवळी जोडून आणली. दरम्यान हिने फळा पुसून सगळं नव्याने मांडलं, दादाला गुणगुणायची बंदी केली आणि घड्याळ लावून मोजून सात मिनिटं पीठ मळलं. दुसऱ्या खेपेची बिस्किटं खाण्यासारखी झाली. चव ओळखीची वाटत होती, फक्त कोणाची ते आठवत नव्हतं.

खरी अडचण पुढे आली. सगळ्यांची पाच पाच पाडून झाली, आईचीही झाली, आणि शेवटी लाटलेल्या पिठाचा तुकडा राहिला, तो तुझा. साचा तुझ्या पर्समध्ये. तुझी पाच करायची नाहीत असं कोणी म्हणालं नाही, कोणाच्या मनातही आलं नाही. हिने सुरी घेतली आणि म्हणाली, साचा डोळ्यांसमोर आहे, हाताने कापू. पण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर निराळा साचा होता. म्हणून ठरलं की पाच बिस्किटं, पाच माणसं, ज्याने त्याने आपल्या आठवणीप्रमाणे एकेक कापायचं. हिने कापलं ते वांग्यासारखं झालं. दादाने बूट कापला, टाचेसकट. लेकीने पुस्तकातलं चित्र बघून खराखुरा हंस काढला, त्याला डोळाही केला, आणि त्याच्याकडे बघून सगळेच म्हणाले की हे काही अक्काचं नाही. माझं कसं झालं ते मी लिहीत नाही. जावईबापूंनी हात मागे बांधून घेतले आणि सुरीला शिवणार नाही म्हणाले. मग वाद सुरू झाला. दादा म्हणतो टाच होती, ही म्हणते टाच नव्हती, फुगवटा होता. दोघंही हमरीतुमरीवर आले, आणि मी मध्ये पडून दोघांच्याही शिव्या खाल्ल्या.

आणि इथे एक योगायोग झाला, तो नीट लक्षात घे. जोडलेली कवळी बसवताना 'तोंड उघडा, मिटा, आता चावून बघा' हे ऐकू यायला हवं, म्हणून जावईबापूंनी आबांना कानातलं यंत्र घालायला लावलं होतं. म्हणजे सगळं घर जमलेलं असताना आबांच्या कानात यंत्र आणि तोंडात दात, दोन्ही एकाच वेळी, हे मला वाटतं पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा घडलं. त्यांनी आमचं भांडण पूर्ण ऐकलं. जावईबापू त्यांच्याशेजारीच बसले होते. त्यांनी घाबरत घाबरत, आवाज खाली ठेवून विचारलं, की आबा, आत्यांचा साचा नक्की कशाचा आहे.

"कशाचाच नाही," आबा म्हणाले. "गोल होता तो."

मग आबांनी सांगितलं, ते जसं सांगितलं तसं लिहितो. त्या वर्षी आपल्या घरात पहिल्यांदा बिस्किटं व्हायची होती. आईला वाटीने पाडायला जमेना, वाटीला पीठ चिकटायचं, म्हणून आबांनी दुकानात उरलेल्या पट्टीचं एक कडं वाकवून, जोड झाळून तिला दिलं. साधं गोल. घरातला पहिला साचा तो, आईचा. ते कडं थंड व्हायला जमिनीवर ठेवलं होतं, तू तीन वर्षांची होतीस, पायात नवे बूट होते, आणि तू धावत येऊन त्याच्यावर पाय दिलास. कडं एका बाजूने चेपलं आणि दुसऱ्या बाजूने तोंड काढून बसलं. आई म्हणाली ठोकून सरळ करून द्या. आबांनी लाकडी हातोडी उचलली, आणि तू त्या कड्यावर पालथी पडून घर डोक्यावर घेतलंस. माझा हंस आहे, त्याला मारू नका. (त्याच आठवड्यात बागेतल्या तळ्यावर तुला हंस दाखवला होता. आबा म्हणतात ते बदक होतं. पण एका पत्रात एवढं सगळं नको.) शेवटी साचा तुझा झाला. आईला त्याच लांबीची पट्टी कापून दुसरा गोल करून दिला. मग दादा झाला, त्याला कळायला लागल्यावर तो म्हणाला अक्काला आहे तर मलाही हवा, आणि हत्ती झाला. मग मी. मग लग्न होऊन आलेली, मग पुढची. प्रत्येकाला वेगळा साचा द्यायचा असं आबांनी कधी ठरवलंच नव्हतं. तू पाय दिलास आणि ते सुरू झालं, आणि बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

मी विचारलं, की हे इतकी वर्षं सांगितलं का नाही.

"मला कोणी विचारलंच नाही," आबा म्हणाले. आणि आईची पाच मोजून त्यांनी आपल्या डब्यात ठेवली.

एवढं कळल्यावर स्वस्थ बसणार ते आपलं घर कसलं. दादा म्हणाला, मग प्रश्न सुटला, गोल कडं करायचं आणि त्यावर पाय द्यायचा, अक्काचा साचा तयार. आबांनी मागच्या खोलीतून पत्रा काढला, आईच्या साच्यावरून माप घेऊन मी पट्ट्या कापल्या (बोटही कापलं, बरं आहे आता), आणि आम्ही कडी करून जमिनीवर ठेवायला लागलो. दादाने पाय दिला, कडं सपाट होऊन दोन पट्ट्या एकमेकींना चिकटल्या. हिने हिशोबाने, टाचेचा कोन धरून पाय दिला, चष्म्याची काच निघाली. लेकीने दिला, निम्मी भाकरी दिसायला लागली. मी धावत येऊन दिला, कारण तू धावत आली होतीस. माझ्या गुडघ्याचं आजचं दुखणं तिथलं. नातीला उचलून तिचाही पाय टेकवला, तिने आठी घातली आणि कड्याला काही झालं नाही. बारा कडी झाली, अक्का. बारा. सगळी ओळीने खिडकीत मांडली आणि बघितली. एकही तुझ्यासारखं नाही. तू तिथे असतीस तर आमच्याकडे बघून हसली असतीस. मला त्या क्षणी तुझी फार आठवण आली. ही तर चक्क डोळे पुसायला लागली. ही तुझ्याशी तीस वर्षं भांडत आली आहे आणि तुझ्यावाचून तिला चैन पडत नाही, हे मी तिच्या परवानगीशिवाय लिहितो आहे.

आणि तेव्हाच मला तुझी ती पक्कड आठवली. लांब तोंडाची पक्कड माणूस कशासाठी आणतं ते मला ठाऊक आहे, मी पत्रेवाल्याचा मुलगा आहे. वर्षभर तू तो साचा समोर ठेवून बसली असशील, आणि मान थोडी लांब केली, पाठीवरचा फुगवटा थोडा आत घेतला, तर पुन्हा कोणी काही बोलणार नाही असं तुला वाटलं असेल. आमच्यामुळे वाटलं असेल. मी लगेच भाचेबुवांना फोन केला. ते म्हणाले पक्कड अजून वेष्टनातच आहे, पण टेबलावर आहे.

आता कामाचं. नातीचा साचा अजून झालेला नाही. आकार आबांनी ठरवला आहे, सांगत नाहीत. पट्टी कापायला मात्र तयार नाहीत, कारण माप म्हणे तुझ्या साच्यावरून घ्यायला हवं. मी म्हणालो, आबा, सगळे साचे एकाच लांबीचे, कोणत्याही साच्याला दोरा लावला तरी तेच माप निघेल. ते म्हणाले, निघेल, पण ते उतरवलेलं माप, मूळ माप अक्काकडे आहे. यापुढे त्यांच्याशी बोलता येत नाही. कानातलं यंत्र काढून ठेवतात. त्यांच्या उजव्या हाताला गेल्या काही महिन्यांपासून कंप सुटला आहे. डॉक्टर म्हणतात वयाप्रमाणे आहे, वाढत जाईल. सकाळी अकरापर्यंत हात बरा चालतो, नंतर पेलाही दोन हातांनी धरावा लागतो. पुढच्या वर्षी त्यांच्याच्याने पट्टी वाकवली जाईल का, हे मी कोणाला विचारलेलं नाही आणि कोणी मला सांगितलेलं नाही. शेवटचा रविवार अजून नऊ दिवसांवर आहे, आणि तुझ्याकडची सकाळची गाडी इथे साडेनऊला पोचते. मी आपलं वेळापत्रक म्हणून लिहिलं. यायलाच हवं असा आग्रह नाही.

तुझ्या घरात माझ्याहून मोठी तूच, तेव्हा नमस्कार तुलाच. बाकी सगळ्यांना आशीर्वाद, भाचेबुवांना थोडे जास्त.

तुझा,
धाकटा

ता. क. यायला अगदीच जमत नसेल तर साच्याभोवती दोरा गुंडाळून तो पाकिटातून पाठव. ही म्हणते तेवढ्याने काम होईल. आबा म्हणतात होणार नाही. मी आबांच्या बाजूने आहे.

दुसरा ता. क. वर जावईबापूंच्या नजरेबद्दल जे लिहिलं आहे ते खोडायला हवं होतं, पण शाईचं पेन आहे, खोडलं तर तू उजेडात धरून वाचशील. त्यांच्या डोक्यात किटली कुठून आली ते मी सांगू शकतो. मी घातली. गेल्या वर्षी साच्यांची ओळख करून देताना मीच म्हणालो, हा हत्ती, हा मासा, ही किटली. त्यांना वाटलं घरात सगळे तसंच म्हणतात. वर्षभर ते 'चोच असलेलं भांडं' म्हणत राहिले, पण माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही, आणि मीही घेऊ दिलं नाही. मी सात वर्षांचा असल्यापासून मनातल्या मनात किटली म्हणत आलो आहे. कारण एवढंच, की तुझं बिस्किट माझ्या कितीतरी पट मोठं होतं. नंतर मी मोठा झालो, पण मनातला तो शब्द बदलायचा राहून गेला. चूक त्यांची नाही, माझी आहे. मला माफ कर, अक्का.

तिसरा ता. क. एक सांगायचं राहिलं. शेवटच्या, बाराव्या कड्यावर पाय जावईबापूंनी दिला. नको नको म्हणत होते, आबांनी द्यायला लावला. त्यातून इतका सुंदर हंस निघाला, मानेचा बाक, पंखाची कड, सगळं, की आम्ही बघतच राहिलो आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. तो मी पिठाच्या डब्यामागे लपवला आहे. तू आली नाहीस तर तो तुझा म्हणून घरात लागू करावा असं दादाचं म्हणणं पडलं. जावईबापू म्हणाले, तसं केलं तर मी हे घर सोडून जातो.

चौथा आणि शेवटचा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आबांनी पत्र मागून घेतलं आणि सावकाश सगळं वाचलं. किटलीपाशी थांबून माझ्याकडे बघितलं आणि पुढे वाचत गेले. मग म्हणाले, माझी दोन वाक्यं घाल. मी पेन त्यांच्या हातात दिलं, पण साडेअकरा वाजून गेले होते. तेव्हा ते सांगत आहेत आणि मी लिहितो आहे.

पक्कड लावू नकोस. त्यात तुझा पाय आहे.